आमची वाटचाल : द्राक्षाच्या अँगलपासून मॉसच्या काठीपर्यंत

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या शेडवर अजूनही ‘फॅब्रिकेशन वर्क्स’ हीच पाटी आहे. त्यामुळे महिन्यातून एक-दोनदा तरी कुणीतरी खिडकीच्या ग्रीलचं माप घेऊन येतं आणि आत पाऊल टाकल्यावर गोंधळतं. वेल्डिंगचं मशीन कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेलं. मधल्या टेबलावर चुंचाळ्याहून येणाऱ्या दोन ताई हातमोजे घालून टबातलं काहीतरी ओलं, पिवळट पिळत बसलेल्या. भिंतीला टेकून ओळीने उभ्या काठ्या.

“हे काय हो?”

“शेवाळाच्या काठ्या. घरातले वेल चढवायला.”

“शेवाळ? ते तर आम्ही टाकीवरून घासून काढतो!”

यावर वाद घालायचा नाही, हे आता ठरलंय. टाकीवरची बुळबुळीत हिरवाई वेगळी आणि थंड मुलखातल्या दलदलीत वाढणारं स्फॅग्नम मॉस वेगळं, पण आपल्याकडे दोन्हीला शेवाळच म्हणतात. त्या माणसाला चहा पाजायचा, ग्रीलसाठी शेजारच्या शेडचा पत्ता द्यायचा आणि जाता जाता त्याच्या घरी मनी प्लांट आहे का ते विचारायचं. असतोच. आणि बहुतेकदा तो कुणाकडून तरी न सांगता आणलेला असतो, कारण चोरून आणलेल्या मनी प्लांटनेच घरात पैसा येतो म्हणे. आमच्या घरात तरी त्याने पैसा आणला, पण आधी बराच घालवून.

ही शेड नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव पट्ट्यात लोक मांडव सोडून वाय पद्धतीकडे, म्हणजे इंग्रजी वाय आकाराच्या लोखंडी आधारावर वेल पसरवण्याकडे, वळू लागले, तेव्हा नानांनी बागांसाठी वाय अँगल करून द्यायला सुरुवात केली. हंगामात रात्रपाळी, एरवी गेट, ग्रील, टाकीचे स्टँड. मी आयटीआय करून त्यातच पडलो. वेलीशी माझा संबंध लोखंडापुरता. ती कशी वाढते, काय खाते, हे बागाईतदार बघून घेतील. माझं काम तिला उभं करायचं, एवढंच मला ठाऊक.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा बागांत माल तयार होता आणि उचलायला व्यापारी नव्हता. अनेकांनी नाइलाजाने द्राक्षं बेदाण्याला घातली. आमची उधारी तिथेच अडकली; मागायला तरी कुठल्या तोंडाने जाणार? शेडला कुलूप लागलं आणि मी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, वहिनींच्या बाल्कनीतल्या झाडांशेजारी खुर्ची टाकून बसू लागलो.

वहिनी आठवी-नववीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेत. त्या दिवसांत तीही बंद होती. एकदा भाजी घेऊन येताना गंगापूर रोडच्या एका जुन्या बंगल्याच्या आवारातला आंबा त्यांना दिसला. त्यावर मनी प्लांट वीसेक फूट चढला होता आणि वरची पानं सुपाएवढी, कडेपासून चिरलेली. घरी येऊन त्यांनी फ्रिजवरच्या बाटलीतलं पान माझ्यापुढे धरलं. तळहातात मावेल एवढं.

“भाऊजी, ते पान आणि हे पान एकाच वेलीचं. मग आपलं असं पोरकट का राहिलं?”

मला काय माहीत? पण त्यांनी शोधून काढलं. हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा. झाडाच्या खोडावर चढत गेला की त्याचं एकेक पान मोठं होत जातं, रानात तीन फुटांपर्यंतसुद्धा. आधार सुटून तो खाली लोंबला की पानं लहान होत जातात आणि पेरं लांबतात. म्हणजे आपण कौतुकाने टांगलेल्या कुंडीतून जो वेल खाली सोडतो, तो बिचारा आधार शोधत निघालेला असतो. प्रवासात माणूस जसा खर्च आवरतो, तसा तो पानांचा खर्च आवरतो. ही उपमा वहिनींची.

“मला याच्यासाठी काहीतरी करून द्या,” त्या म्हणाल्या.

मी केलं. आणि मोठ्या दिमाखात चूक केली.

कुलूप निघाल्यावर सहा एमएमच्या सळीची तीन फुटी शिडी वाकवली, ओळखीच्या माणसाकडून काळं पावडर कोटिंग करून घेतलं. बघत राहावी अशी झाली होती. डोक्यात द्राक्षच होतं ना! द्राक्षाला बाळी असते. तार लागली की बाळी तिला वेढे घालते आणि काही दिवसांत अशी कडक होते की कात्रीच लावावी लागते. वेल म्हटला की तो धरणारच, असं मी धरून चाललो होतो. मनी प्लांटला बाळी नसते. वहिनींनी त्याला सुतळीने शिडीला बांधला आणि तो सहा महिने जणू चौकीत आणून उभा केल्यासारखा तिथेच उभा राहिला. सुतळी सोडली की खाली.

नाना पेपर वाचत होते. न बघताच म्हणाले, “पानमळा पाहिला नाहीस कधी?”

त्यांच्या मामाकडे पानमळा होता. पानवेल शेवग्यावर, हादग्यावर, पांगाऱ्यावर चढवतात. सुरुवातीला लव्हाळ्याने बांधतात, पण ते तात्पुरतं. पुढे वेल पेरापेराला मुळी काढते आणि सालीत रोवते. “साल जिवंत असते, ओलसर असते. म्हणून मुळी धरते,” नाना म्हणाले. “तुझ्या लोखंडात ती काय रोवणार?”

कोकणात आंब्या-फणसावर मिरीचा वेल चढतो, तोही असाच. गुळवेल कडुनिंबाला पिळे घालत जाते, तिची तऱ्हा वेगळी. बाळीवाले, पिळेवाले आणि मुळीवाले असे तीन स्वभाव. आमच्या सगळ्या धंद्याचं गणित या तीन शब्दांत होतं, पण ते तेव्हा मला अर्धंच कळलं. मुळी रोवायला खडबडीत काहीतरी हवं, एवढंच मी उचललं. ‘ओलसर’ हा शब्द कानावरून गेला.

खडबडीत म्हणजे काथ्या. बाजारात पीव्हीसी पाइपला काथ्याची दोरी गुंडाळलेल्या काठ्या मिळतच होत्या. पाइपचे तुकडे आमच्याकडे पडलेले, काथ्या द्वारका चौकाजवळच्या एका व्यापाऱ्याकडून. घरबसल्या लोकांना झाडांचं वेड लागलं होतं, नर्सऱ्या तेजीत होत्या. दोन फुटी काठी आम्ही नर्सरीला १२० रुपयांना देत होतो. २०२१ च्या पावसाळ्यात आठवड्याला चाळीस-पन्नास काठ्या जाऊ लागल्या. उद्यम नोंदणी करून घेतली. तिथल्या धंद्यांच्या यादीत आमच्या काठीला काही नाव सापडेना, शेवटी फॅब्रिकेशनमध्येच बसवली. वहिनींना नवं नाव ठेवायचं होतं. मोगलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत, त्यावरून काहीतरी. नानांनी पाटीला हात लावू दिला नाही.

मग ती ऑर्डर आली. शहरातल्या एका ऑफिसला ६४ कुंड्या हव्या होत्या. प्रत्येकीत काथ्याची काठी आणि काठीला बांधलेला भरगच्च मनी प्लांट. एवढं एकरकमी काम आम्ही पहिल्यांदाच करत होतो. पैसेही वेळेवर आले. आठ महिन्यांनी तिथल्या व्यवस्थापकांचा फोन: “तुमची झाडं वाढत का नाहीत हो? आणि दोरी तुटली की पडतात.”

मी गेलो. पहिल्याच कुंडीची सुतळी ब्लेडने कापली. अख्खा वेल एका तुकड्यात, कोट गळून पडावा तसा, पुढे माझ्या हातात आला. आठ महिने काठीला चिकटून उभा असलेला वेल, आणि त्याने काठीला एका ठिकाणीही धरलं नव्हतं. पाठीमागे पेरापेराला मुळ्या फुटल्या होत्या. अर्धा सेंटिमीटर वाढून जळक्या काडीसारख्या काळ्या पडून थांबल्या होत्या. तिथल्या मावशींकडून तांब्याभर पाणी मागितलं आणि काठीवर वरून ओतलं. पाणी दोरीवरून सरसर खाली उतरलं आणि कुंडीत गेलं. नखाने दोरी बाजूला केली. आतला भाग कोरडा ठणठणीत.

त्या दिवशी नानांचा ‘ओलसर’ कानात वाजला.

अर्धे पैसे परत केले. त्यांनी मागितले नव्हते, पण वहिनी म्हणाल्या, “आपण त्यांना आधार म्हणून खांब विकला.” बरोबरच होतं. द्राक्षाला तार पुरते, कारण तिला तारेकडून फक्त धरायला जागा हवी असते. पण मुळीवाल्या वेलीला काठीकडून पाणी हवं असतं. तिच्या दृष्टीने काठी म्हणजे उभी केलेली जमीनच. ती कोरडी असेल तर मुळी तिथे कशाला जाईल?

इथून पुढे खरं काम सुरू झालं आणि कमाई जवळजवळ थांबली. रविवार कारंजाजवळून ‘मॉस ग्रास’ म्हणून मिळणारं एक पोतं आणलं. हारतुऱ्यांच्या टोपल्यांत सजावटीला वापरतात ते. त्यात काड्या, सुकी पानं, एक मेलेली गोम. भिजवलं तर पाणी धरतं, पण चार-सहा महिन्यांत काळं पडून चिखल होतो. मग बाहेरून येणारं स्फॅग्नम मागवलं. न्यूझीलंडचं, चिलीचं असं येतं. विटेसारखं दाबलेलं. दीडशे ग्रॅमची वीट पाण्यात टाकली की फुगून बारा लिटरची बादली भरते. किंमत ऐकून नाना म्हणाले, “एवढ्यात केशर येईल.” केशर येणार नाही, पण त्यांचा मुद्दा मला कळला.

वहिनींनी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. दहा ग्रॅम कोरडं स्फॅग्नम भिजवून, चाळणीत निथळून तोललं तर १७० ग्रॅम भरलं. दहा ग्रॅम काथ्याची दोरी तशीच तोलली, ३० च्या पुढे काटा जाईना. पुस्तकं सांगतात की स्फॅग्नम आपल्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरतं. कारण त्याच्या पानात मेलेल्या, पोकळ पेशी असतात. त्यांना बारीक भोकं असतात आणि त्या पाण्याने भरून बसतात. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला तेव्हा ब्रिटनमध्ये याच मॉसच्या पट्ट्या जखमांना बांधत. रक्त शोषायला जे चाललं, ते आमच्या मनी प्लांटला पाणी पाजायला चालणार नाही?

आता मॉस भरायचं कशात? माझ्या हाताशी वेल्ड मेश. तिची नळी केली, आत मॉस ठासलं, वहिनींच्या ‘ब्रोकन हार्ट’ला बांधली. (मॉन्स्टेरा या मोठ्या, चिरलेल्या पानांच्या वेलीचा भोकं असलेला लहान भाऊ, नर्सरीत याच नावाने मागायचा.) तीन आठवड्यांत पहिली मुळी जाळीच्या चौकोनातून आत शिरली. पांढरी, दोऱ्याएवढी, टोकाला थोडी लव. वहिनींनी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. दादा कंपनीतून दमून आलेले, त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “बरं, जेवायला वाढा.”

तीन महिन्यांत जाळीला गंज चढला. तारेला जस्ताचा मुलामा होता, पण कापलेल्या टोकांना जस्त नसतं आणि आत चोवीस तास ओल. फरशीवर तांबडे ओघळ आले. मी लोखंडवाला, हार मानवेना. आधी कापायची, वाकवायची, मगच पावडर कोटिंग करायची, म्हणजे टोकं झाकली जातील, असं केलं. ते टिकलं, पण महाग पडलं. शेवटी दोन फुटांपर्यंतच्या काठीला बागेतली कडक प्लास्टिकची जाळी आणि चार फुटांच्या वरच्याला कोटिंग केलेली लोखंडी, असा मार्ग निघाला. प्लास्टिकची जाळी पहिल्यांदा शेडमध्ये आणली त्या दिवशी नाना जेवायला घरी निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

गोल नळीचा आणखी एक तोटा नाशिकच्या उन्हाळ्यात कळला. मार्च ते मे आपली हवा अशी कोरडी की धुतलेली चादर तासाभरात वाळते. चारही बाजूंनी उघडी काठी पंख्याखाली दीड दिवसात सुकायची. वेल फक्त पुढून चढतो, मग पाठ उघडी कशाला? नळीऐवजी अर्धगोल केली. मागे प्लास्टिकची पाठ, पुढे जाळी. तेवढ्यानेच ओल तीन-चार दिवस टिकू लागली, मॉसही निम्मं लागू लागलं. पहिल्या पाठी आम्ही पारदर्शक लावल्या, आतल्या मुळ्या दिसाव्यात म्हणून. गिऱ्हाइकांनाही ते आवडायचं. पण महिन्याभरात उजेडाने आतून हिरवा थर धरला. म्हणजे टाकीवरचं ते शेवाळ अखेर आमच्याकडे आलंच. मुळ्याही उजेडापासून लांब पळतात. आता पाठ काळी असते.

उजेडाचा विषय निघाला म्हणून सांगतो. कोस्टारिकाच्या जंगलात मॉन्स्टेराच्या एका जातीची रोपं उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरपटत जातात, असं १९७५ साली संशोधकांनी दाखवून दिलं. रानात सगळ्यात काळोखी दिसते ती मोठ्या झाडाच्या खोडाची बाजू, म्हणजे तिकडे आधार. खोड सापडलं की मग वर उजेडाकडे. हे वाचल्यापासून मी गिऱ्हाइकाला सांगतो की वेलीला पाठ आणि पोट असतं. मुळ्या फुटतात ती पाठ. ती काठीला लावा, पोट खिडकीकडे. उलटं बांधलं तर वेल महिनाभर स्वतःला वळवण्यातच घालवतो. आणि बांधायचं ते खोडाला, पेराजवळ, सैलसर. पानाच्या देठाला नव्हे. पान उजेडाकडे वळतं, देठ बांधला की ते तडफडतं. मुळीने धरलं की दोरा काढून टाका. लव्हाळा चार दिवसांचा.

पाण्याचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही, हे कबूल करतो. लोक कुंडीला पाणी घालतात, काठीला विसरतात. खालून ओल वर चढते, पण थोडीच. दोन फुटी काठीचा माथा कोरडाच राहतो, आणि नवी मुळी तर माथ्याजवळच फुटत असते. वरून घालायचं तर हळूहळू घालावं लागतं, नाहीतर फरशी पुसत बसा. आम्ही काय काय नाही केलं! बाटलीच्या झाकणाला सुईने भोक. द्राक्षबागेतला ताशी दोन लिटरचा ड्रिपर. पुतण्याने एकदा औषधाच्या दुकानातून सलाइनचा सेट आणून टांगला. चाक फिरवून थेंब मोजत बसायचा, घराचा दवाखाना झाला. तो सेट सगळ्यांत उत्तम चालतो, पण गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात कोण टांगू देणार? सध्या काठीच्या माथ्यावर भोकं पाडलेली एक वाटी बसवून देतो. तीत पाणी ओतायचं, ते आपोआप झिरपतं. बोअरचं पाणी असेल तर वर पांढरा थर येतो, म्हणून महिन्यातून एकदा पावसाचं किंवा फिल्टरचं भरपूर पाणी वरून सोडून धुवायचं.

मॉसच्या किमतीने मात्र झोप उडवली. निम्मं मॉस आणि निम्मा नारळाचा भुसा, असं मिश्रण केलं. पहिल्या खेपेला पानांच्या कडा करपल्या. बागेतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडून ईसी मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र, आणला. भुसा भिजवलेल्या पाण्यात तो बुडवला तर क्षार भरपूर. द्राक्षवाले रोपांच्या पिशव्यांत भुसा घालण्याआधी तीन-चार पाण्यांनी धुतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत होतो, फक्त आपल्याला लागू आहे असं वाटलं नव्हतं. आता धुतो. तरी बारीक भुसा जाळीतून गळतो, म्हणून नारळाच्या सालीचे चिरलेले तुकडे वापरतो. एक भाग तुकडे, दोन भाग मॉस. त्याहून कमी मॉस घातलं की मुळ्यांची चाल मंदावते. आणि दलदलीतून मॉस काढलं की ते पुन्हा भरून यायला वर्षं लागतात. म्हणून जुन्या काठीतलं मॉस फेकू नका म्हणतो. धुऊन, वाळवून नव्यात घाला.

ताईंच्या हातमोज्यांचंही सांगतो. सुरुवातीला मोजे नव्हते. स्फॅग्नममध्ये एक बुरशी असू शकते, ती कातडीवरच्या ओरखड्यातून आत शिरते आणि गाठी येतात. गुलाबाच्या काट्यांतूनही होणारा हाच रोग. वहिनींच्या वाचनात आलं त्या संध्याकाळी मोजे आले. पहिले चार दिवस ताई कुरकुरल्या, कारण मोज्यातून पिळल्याचा अंदाज येत नाही. मॉस किती पिळायचं, ही या कामातली खरी कला. मुठीत दाबल्यावर दोन-तीन थेंब पडले पाहिजेत. धार लागली तर काठीत वास येतो आणि बारीक चिलटं होतात. थेंबच पडला नाही तर भरताना चुरा. मोठ्या ताईंना आता मोज्यातूनही कळतं. मला अजून कळत नाही.

आता कुरिअर. पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी येऊ लागल्या तेव्हा वाटलं, जिंकलो. तीन फुटी काठीचं वजन जेमतेम चारशे ग्रॅम. पण कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची गुणून पाच हजाराने भागतात आणि त्या हिशोबाने पैसे लावतात. नव्वद गुणिले दहा गुणिले दहा, भागिले पाच हजार: एक किलो आठशे. म्हणजे हवेचं भाडं. वर त्यातल्या काही काठ्या कमरेत मोडूनच पोहोचत. सहा महिने आम्ही प्रत्येक ऑर्डरीमागे खिशातून घालत होतो आणि विक्री वाढतेय म्हणून खूश होतो. हिशोब दादांनी काढून दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी या धंद्यात लक्ष घातलं ते तेव्हा.

उपाय वहिनींचा: काठी सपाट पाठवायची. जाळी सपाट, पाठ सपाट, मॉसची वीट वेगळी, सोबत केबल टाय. दोन फुटी पाकीट साठ गुणिले पंचवीस गुणिले दोन. सहाशे ग्रॅममध्ये बसलं. जोडायचं कसं, त्याचा व्हिडिओ पुतण्याने काढला. एक काठी भरली की तिच्यावर दुसरी बसवता यावी म्हणून खाचा ठेवल्या. वेल वाढेल तशी काठी वाढवायची. हे ज्या महिन्यात सुरू केलं त्या महिन्यापासून धंदा स्वतःच्या पायावर आहे. मोठा म्हणणार नाही. पाच माणसांचं घर, दोन ताईंचा पगार आणि शेडचा खर्च सुटतो. पाऊस लागला की मागणी चढते, थंडीत उतरते.

थंडीत आम्हीच विकताना हात आखडतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली येतो, बागांत शेकोट्या पेटतात. तेव्हा हे उष्ण मुलखातले वेल गपगार असतात. त्या काळात नवी काठी लावा, छाटा, खत घाला, असं सांगणारा विक्रेता तुमचा हितचिंतक नव्हे. होळीपर्यंत थांबा.

आणि काही गिऱ्हाइकांना आम्ही सरळ परत पाठवतो. स्नेक प्लांटला काठी हवीय, झेडझेडला हवीय, रबराच्या झाडाला हवीय. नको हो त्यांना! होयाला मॉस नको, तो पिळेवाला. त्याला तारेचं कडं पुरे. ग्लोरिओसम फिलोडेंड्रॉन तर जमिनीवर सरपटणारा, त्याला उभा करणं म्हणजे शिक्षाच. एका नर्सरीवाल्याने मला ऐकवलं, “विकायचं सोडून शिकवता कशाला?” त्यांच्याकडे आमची उधारी अजून आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

बागाईतदार मंडळी शेडवर आली की त्यांचा प्रश्न ठरलेला: “याला फूल कधी येतं?” मनी प्लांटला सहसा येतच नाही. २०१६ च्या एका संशोधनात कारण सापडलं की त्याला जिबरेलिन हे संप्रेरक स्वतःचं स्वतः धड बनवता येत नाही. बाहेरून फवारलं तर फुलावर येतो. हे सांगितलं की द्राक्षवाले एकमेकांकडे बघून हसतात. जिबरेलिन म्हणजे त्यांचं जीए, मणी लांबवायला ज्याच्यात घड बुडवतात ते. “म्हणजे याला पण डिपिंग द्यायला हवं!” एकाने खरंच थोडं देऊ केलं होतं. वहिनींनी हात जोडले.

गेल्या महिन्यात आम्ही एक जुनी काठी मुद्दाम फोडली. तीन वर्षांपूर्वीची, त्या पहिल्या ‘ब्रोकन हार्ट’ला नंतर लावलेली. जाळीचे टाय कापले, पाठ सोलून काढली. आत मॉस दिसतच नव्हतं. मुळ्यांची गच्च चटई, काही पेन्सिलीएवढ्या जाड, बाकी केसांसारख्या, आणि सगळ्यांच्या मधोमध सालीचा एक तुकडा, त्याला आठ-दहा मुळ्यांनी आवळलेलं. नानांना दाखवायला वर नेली. त्यांनी चष्मा लावला, मुळ्या बोटाने चाचपल्या. मग विचारलं, “आतली जाळी कुठली? लोखंडी ना?”

“लोखंडीच,” मी म्हणालो.

ते खूश झाले. आता प्रश्न आहे वहिनींच्या बाल्कनीतल्या मॉन्स्टेराचा. चौथा जोड बसवून झालाय आणि शेंडा स्लॅबला टेकलाय. नवं पान दुमडून निघतंय. शेंडा कापून, खालच्या मुळ्यांसकट दुसऱ्या कुंडीत लावायचा, हे आम्हीच रोज फोनवर लोकांना सांगतो. कात्री मी तीनदा धुऊन आणून ठेवली. वहिनी म्हणतात, पुढच्या रविवारी.